आधी नावे, मग माणसे : संचांवरील शाब्दिक उदाहरणांची रीत

निफाड तालुक्यातील एका गावात १२० शेतकरी आहेत असे समजू. त्यांपैकी ७५ जण द्राक्षे घेतात, ६० जण कांदा घेतात आणि २० जण यांपैकी एकही पीक घेत नाहीत, तर दोन्ही पिके घेणारे किती? सीसॅट, कॅट किंवा जीमॅट, कोणत्याही परीक्षेत या प्रकारच्या उदाहरणाचा सांगाडा हाच असतो.

सूत्र आठवण्याआधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दोन याद्या लावल्या आहेत अशी कल्पना करावी. एक द्राक्षवाल्यांची, दुसरी कांदावाल्यांची. दोन्ही याद्यांत मिळून ७५ + ६० म्हणजे १३५ नावे आहेत, परंतु याद्यांत येऊ शकणारी माणसे १२० − २० म्हणजे १००च आहेत. जास्तीची ३५ नावे कोठून आली? ज्यांचे नाव दोन्हीकडे लागले, त्या प्रत्येकाने एक नाव वाढवले; म्हणून दोन्ही पिके घेणारे ३५. नववीच्या गणितात छेदसंच आणि संयोगसंच यांचे जे सूत्र असते, ते याहून वेगळे काही सांगत नाही.

आता जॉन वेन यांनी १८८० मध्ये मांडलेली वर्तुळांची आकृती काढावी आणि ती आतून बाहेर भरावी. मधल्या भागात ३५, फक्त द्राक्षांच्या भागात ७५ − ३५ = ४०, फक्त कांद्याच्या भागात २५ आणि वर्तुळांबाहेर २०; चौघांची बेरीज १२० भरली म्हणजे उत्तर पक्के. ‘७५ जण द्राक्षे घेतात’ या वाक्यात ‘फक्त’ नाही, म्हणून त्यात कांदाही घेणारे येतात. हा एक शब्द न पाहिल्यामुळे जितके गुण जातात, तितके आकडेमोडीमुळे जात नसावेत.

काहीच न घेणाऱ्यांचा आकडा दिलेलाच नसेल आणि ‘दोन्ही घेणारे कमीत कमी किती’ असे विचारले असेल, तर १३५ नावे १२० माणसांत बसवावी लागतात. म्हणून किमान १५ आणि लहान यादी पूर्णपणे मोठीत सामावली तर कमाल ६०.

तीन संच आले की नाशिकच्या कॉलेज रोडवरील अभ्यासिकांत बसणारी हुशार मुलेही लांबलचक सूत्राच्या अधिक-उणे चिन्हांत अडकतात. खरे तर याद्यांचा हिशेब येथेही पुरतो. १०० शेतकऱ्यांपैकी ५० द्राक्षे, ६० कांदा व ४० टोमॅटो घेतात, प्रत्येक जण किमान एक पीक घेतो आणि १० जण तिन्ही घेतात. नावे १५०, माणसे १००, जास्तीची नावे ५०. तिन्ही याद्यांत असलेला शेतकरी दोन नावे जास्तीची देतो, म्हणून त्या दहा जणांची २० वजा करावीत. उरलेली ३० नावे नेमकी दोन पिके घेणाऱ्यांची, प्रत्येकी एक. नेमके दोन पिकांचे ३०, ‘किमान दोन’ पिकांचे मात्र ४०, आणि एकच पीक घेणारे ६०. याच उदाहरणात ‘द्राक्षे व कांदा दोन्ही घेणारे २५’ असे दिले असेल, तर त्यांत तिन्ही घेणारे १० आधीच मोजलेले आहेत. आकृतीत या दोहोंच्या सामाईक पट्ट्यात, मधला भाग सोडून, १५च लिहावेत.

प्रश्नात दोन कसोट्या असतील आणि प्रत्येकीचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असेच असेल, तर वर्तुळांपेक्षा तक्ता मला अधिक सोयीचा वाटतो. २०० विद्यार्थ्यांच्या वर्गात ६०% शहराबाहेरून येतात, त्यांपैकी २५% जणांकडे स्वतःची दुचाकी आहे, आणि वर्गात दुचाकी असलेले एकूण ९० आहेत. तर शहरातील किती विद्यार्थ्यांकडे दुचाकी नाही? आडव्या ओळींत ‘बाहेरचे’ व ‘शहरातील’, उभ्या रकान्यांत ‘दुचाकी आहे’ व ‘नाही’ लिहावे आणि कडेला बेरजेची जागा ठेवावी. बाहेरचे १२०, शहरातील ८०. ‘त्यांपैकी’ हा शब्द १२०कडे बोट दाखवतो, २००कडे नाही; म्हणून बाहेरचे दुचाकीवाले ३०, शहरातील ९० − ३० = ६०, आणि शहरातील दुचाकी नसलेले २०. जो २००चे २५% काढून ५० लिहितो, त्याचे उत्तर ४० येते.