क्रूडमधलं वॅक्स एनएमआरवर मोजताय? या चुका टाळा

एनएमआर मशीन चुंबकात ठेवलेल्या कच्च्या तेलाला (क्रूड) रेडिओ पल्स देऊन त्यातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचा, म्हणजे प्रोटॉनचा, सिग्नल मोजतं; लिक्विडचा सिग्नल हळू विरतो, घन वॅक्सचा झटकन. सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते. थंड करताना लिक्विडचा सिग्नल जेवढा पडला तेवढं वॅक्स गोठलं, असा सरळ हिशोब बरेच जण लावतात. अहो, पण तापमान उतरलं की प्रोटॉनचा सिग्नल आपोआप वाढतो, हा क्युरीचा नियम. ६० डिग्रीवरून १० वर आणलं की केल्विनमध्ये ३३३ भागिले २८३, म्हणजे जवळपास १८ टक्के वाढ. त्यात ५ टक्के वॅक्स गोठलं तरी लिक्विडचा आकडा मूळपेक्षा १२ टक्के जास्तच दिसणार आणि तुम्ही म्हणणार वॅक्स नाहीच! म्हणून तेल पूर्ण पातळ असतानाचे चार-पाच पॉइंट घ्या, त्यांची रेघ खालपर्यंत वाढवा आणि फरक त्या रेघेपासून मोजा. नुसत्या फॉर्म्युल्यापेक्षा मला ही रेघ जास्त भरवशाची वाटते, कारण तापमानाबरोबर प्रोबचं (सॅम्पलभोवतीची सिग्नल पकडणारी कॉइल) ट्यूनिंगही थोडं सरकतं आणि तेही त्यात धरलं जातं. फक्त दोन पल्समध्ये टी-वनच्या (पल्सनंतर प्रोटॉन मूळ स्थितीत परतण्याचा वेळ) पाचपट थांबा, गरम पातळ तेलाचा टी-वन मोठा असतो, घाई केली तर वरचे पॉइंट कमी येतात आणि रेघच वाकडी होते.

दुसरं, सीपीएमजी (हळू विरणारा लिक्विडचा सिग्नल मोजणारी पल्सची मालिका) लावून घन वॅक्स शोधत बसू नका. त्याचा सिग्नल १०-२० मायक्रोसेकंदात मरतो, रिसीव्हर जागा होईपर्यंत निम्मा गेलेला असतो. एफआयडी (एका पल्सनंतर विरत जाणारा सिग्नल) घेऊन मागे शून्य वेळेपर्यंत फिट करा, नाहीतर सॉलिड इको (घनाचा विरलेला सिग्नल पुन्हा उभा करणारी पल्सची जोडी) वापरा. अस्फाल्टीनचा (तेलातले जड, डांबरासारखे घटक) काही भागही घनासारखाच दिसतो, तो गरम असतानाच मोजून वजा करायचा.

सॅम्पल आधी ८० डिग्रीपर्यंत तापवून थोडा वेळ ठेवा, नाहीतर जुने क्रिस्टल शिल्लक राहतात आणि त्याच तेलाचे दोन दिवशी दोन आकडे येतात. ट्यूब मात्र घट्ट बंद हवी, हलके घटक उडाले की वॅक्सचं प्रमाण आपोआप वाढतं. बऱ्याच बेंचटॉप मशीनचा मॅग्नेट ४० डिग्रीवर असतो, त्यामुळे कूलिंग बाथमधून थंड ट्यूब काढून आत टाकली की ती तिथेच वितळायला लागते, तापमान धरणारा प्रोब नसेल तर पटकन मोजून ट्यूब बाहेर काढा. तेलात पाणी असेल तर शून्याच्या बरंच खाली गेल्यावर अचानक घन वाढल्यासारखं दिसतं, तो बर्फ आहे, वॅक्स नाही.

आणि ट्यूब उलटी केली तरी तेल हलत नाही पण मशीन २-३ टक्केच घन दाखवतंय, तर मशीनला दोष देऊ नका. एवढ्याशा वॅक्सची जाळी बाकीचं सगळं तेल अडकवून धरते, आणि ते अडकलेलं तेल आत लिक्विडच असतं.