बूलियन फंक्शनचा ग्राफ काढा, पण आधी शेजारी बघा

बूलियन फंक्शनमधून (चलंही ०/१, उत्तरही ०/१) ग्राफ (शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा) कसा निघतो हे कुणी विचारलं की मी एकच उदाहरण हातात देते: फ = अ·ब + क·ख, बेरीज मॉड्यूलो २, म्हणजे १ + १ = ०. दोन चलांत बघण्यासारखं काही घडत नाही, सहा चलांत ६४ शिरोबिंदू होतात. चार चलं बेताची.

अ, ब, क, ख च्या किमती याच क्रमाने लिहिल्या की चार अंकांची एक ओळ. आधी फ ची किंमत १ येते त्या ओळी लिहून काढा: ११००, ११०१, १११०, ००११, ०१११, १०११. (०००० ला किंमत ० हवीच, नाहीतर प्रत्येक बिंदू स्वतःलाच जोडला जाईल.) आता चार बिटांच्या सोळाही ओळी शिरोबिंदू माना. दोन ओळींची हातचा न घेता बेरीज करा. उत्तर त्या सहांपैकी असेल तर कड काढा. हा झाला केली ग्राफ, एकूण ४८ कडांचा. सगळ्या शिरोबिंदूंत एकच ओळ मिळवली तरी कडा जागच्या हलत नाहीत, कारण दोन्हीकडची भर बेरजेत उडून जाते. म्हणजे १६ सममिती (कडा न बिघडवता शिरोबिंदूंची अदलाबदल) फुकटात.

सगळं चित्र काढायची घाई नको. ०००० चे सहा शेजारी आपसांत कसे जोडलेत ते पाहा. ११०० + ०१११ = १०११, म्हणजे हे तिघं त्रिकोण. उरलेले ००११, ११०१, १११० हा दुसरा. ११०० + ००११ = ११११, तिथे फ शून्य; या दोन त्रिकोणांमध्ये एकही कड नाही. ०००० धरून पहिला त्रिकोण आडव्या ओळीत, दुसरा उभ्या स्तंभात मांडा आणि प्रत्येक घरात दोन्हींची बेरीज भरा. बुद्धिबळातला हत्ती ४×४ पटावर जिथून जिथे जातो, तीच प्रत्येक कड!

बीजगणित इथे येतं. कुठलीही ओळ घ्या, सहांपैकी प्रत्येकीशी तिचा बिंदुगुणाकार (जागोजागचे अंक गुणून बेरीज) करा. सम आला तर +१, विषम आला तर −१. १००० साठी बेरीज −२ येते. अशा १६ बेरजा म्हणजेच ग्राफच्या आयगनव्हॅल्यू (कोण कुणाला जोडलंय त्या ०/१ च्या सारणीच्या खास संख्या): ६ एकदा, २ सहा वेळा, −२ नऊ वेळा. ६ सोडून सगळ्यांचं मान, चिन्ह वगळता, सारखंच, म्हणून फंक्शन बेंट, म्हणजे रेषीय फंक्शनांपासून जास्तीत जास्त दूर. ग्राफात याचा अर्थ असा की कोणत्याही दोन बिंदूंना, जोडलेले असोत वा नसोत, नेमके दोन सामाईक शेजारी.

पण एवढ्यावरून ग्राफ ओळखू नका. गणितज्ञ श. शं. श्रीखंडे यांच्या नावाच्या ग्राफच्या आयगनव्हॅल्यू अगदी याच आहेत, तरी तिथे शेजाऱ्यांचा षटकोन होतो आणि सममिती १९२ च. तो कुठल्याच बूलियन फंक्शनमधून निघणार नाही: आपल्या रचनेत ०००० चे दोन शेजारी जोडलेले असले की त्यांची बेरीजही शेजारीच असते, त्रिकोण पुरा होतोच. षटकोनात त्रिकोण कुठून आणणार?

आपल्या ग्राफच्या सममिती १६ × ७२ = ११५२. फ न बदलणारी रेषीय (ओळींची बेरीज जपणारी) रूपांतरं ७२, तेवढीच ०००० ला जागेवर ठेवणारी.

सरावाला फ मध्ये अ + ब मिळवा. किंमत १ च्या ओळी दहा होतील. पूरक ग्राफात (कड नाही तिथे कड, आहे तिथे नाही) एकही त्रिकोण येता कामा नये. आला तर बेरजा पुन्हा तपासा.