कोटिंगवाला अँकर: खांद्याच्या ऑपरेशनआधी काय विचारायचं, नंतर काय सांभाळायचं

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत रोटेटर कफचं, म्हणजे खांद्याचे स्नायू हाडाला बांधणाऱ्या टेंडनचं, ऑपरेशन झालं की पेशंट फिजिओसाठी माझ्याकडे येतात, आणि आत काय टाकलंय विचारलं की उत्तर एकच, "मॅडम, कोटिंगवाला टाकला, महागातला." कोटिंग कशासाठी हे कोणालाच माहीत नसतं. ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधीच हे समजून घ्या राजेहो, पैसा तुमचा चाललाय.

अँकर म्हणजे हाडात बसवलेला छोटासा स्क्रू, त्याला दोरे असतात आणि त्या दोऱ्यांनी फाटलेला टेंडन हाडावर घट्ट दाबून धरतात. म्हणजे दोन जागी जुळायचं असतं, अँकर हाडात पक्का बसायला पाहिजे आणि टेंडन हाडाला धरायला पाहिजे. टायटॅनियमचं किंवा हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं कोटिंग मुख्यतः पहिल्या कामाचं. काही अँकर पीक (PEEK) नावाच्या प्लास्टिकचे असतात, ते प्लास्टिक मजबूत असतं, एमआरआयमध्ये धातूसारखं चित्र बिघडवत नाही, पण हाड त्याला नीट चिकटत नाही, मधे पातळ पडदा धरू शकतो, म्हणून वरून कोटिंग देतात. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हाडातल्या खनिजासारखंच असल्यामुळे हाड त्याच्यावर वाढतं. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्क पेशंटला याचा विचार करण्यात अर्थ आहे, पण पस्तिशीतल्या मजबूत हाडाला तेवढाच फरक पडेल असं नाही.

दुसरं काम खरं अवघड. मुळात टेंडन आणि हाडाच्या मधे कूर्चेचे दोन थर असतात, एक मऊ आणि एक कॅल्शियम भरलेला, त्यामुळे ताण हळूहळू हाडात उतरतो, पण ऑपरेशननंतर हे थर जसेच्या तसे परत बनत नाहीत, व्रणासारखी ऊती भरते आणि ती कमी मजबूत असते. ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींची वाढ करवणारी प्रथिनं, लावलेल्या कोटिंगवर प्राण्यांमध्ये बरंच काम झालंय, रोजच्या ऑपरेशनमध्ये ते अजून आलेलं नाही. कोलॅजनचे, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाचा बनतो त्याचे, पॅच मिळतात, ते टेंडनवर बसवतात, पण त्यातले काही गायी-बैलांच्या टेंडनपासून बनतात, तुमच्या घरी हा विषय महत्त्वाचा असेल तर आधीच विचारा.

सर्जनला सरळ विचारा, सर, हे कोटिंग अँकरच्या पकडीसाठी आहे का टेंडन जुळायसाठी, माझ्याच केसमध्ये ते कशाला पाहिजे, साधा टाकला तर काय बिघडेल, आणि मटेरियल विरघळणारं आहे का कायमचं राहणार. चांगला सर्जन यावर चिडत नाही.

आता माझ्या मते कोटिंगपेक्षा मोठी गोष्ट. खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा, सोडा! पानठेल्यावर घोटून घेतलेली ती पन्नी ऑपरेशननंतर पण खिशात असते, आणि निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात, जिथे टेंडन जुळायचाय तिथेच रक्त कमी पोचतं. सिगरेटचं तेच. शुगर असेल तर एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) तपासून आटोक्यात आणा, आणि खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते कधी घेतलं ते तारखेसकट सर्जनला सांगा.

स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवायची झोळी, साधारण ४ ते ६ आठवडे असते, ताकदीचे व्यायाम बहुतेक १२ आठवड्यांनंतर, तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. दुखणं आधी थांबतं आणि जुळणं मागे असतं, म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लोक गाडी काढतात, बादली उचलतात, आणि तिथेच शिवलेलं सुटतं. मे महिन्यात ४५ डिग्रीत स्लिंगखाली घामोळ्या येतात हे मान्य, पण उपाय आहे. स्लिंग काढायची परवानगी असेल तर दुसऱ्या हाताने टेबल धरून कमरेतून पुढे वाका, हात ढिला लोंबू द्या, स्वतःहून उचलायचा नाही, काख आपोआप उघडते, मग घरच्या कोणीतरी ओल्या सुती कापडाने पुसून पूर्ण कोरडी करायची. शर्ट घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत, काढताना शेवटी.

ताप आला, जखमेतून पाणी-पू आला, किंवा अचानक कट्ट आवाज होऊन हात उचलेनासा झाला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचं स्टिकर फाईलला चिकटवलंय का ते बघा, त्यावर कंपनी, साइज आणि लॉट नंबर असतो, विम्याच्या क्लेमला लागतं आणि उद्या एमआरआय काढायचा झाला तर तिथले लोक पण हेच विचारतात. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.