इंग्लंडमधून वर्षभरासाठी अमेरिकेच्या कॉलेजात जाताना

सांगलीत बारावी झाल्यावर मी पदवीसाठी इंग्लंडला, लीड्सला गेले. त्या पदवीतलं एक वर्ष एक्स्चेंजवर अमेरिकेत, आयोवा राज्यात काढलं. आता विश्रामबागेत घरी आहे. गेल्या महिन्यात साताऱ्याची मावसबहीण आली होती. तीही इंग्लंडमध्ये शिकते आणि ऑगस्टमध्ये वर्षभरासाठी अमेरिकेला निघाली आहे. "ताई, दोन वर्षं बाहेर राहिलेय, इंग्रजी येतं, मग आता नवीन काय असणार?" असं तिने विचारलं. जाताना मलाही असंच वाटत होतं. तिला जे सांगितलं ते तुमच्यासाठीही लिहिते.

सिलॅबसपासून सुरुवात करा. आपल्याकडे शिवाजी विद्यापीठाचा सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. अमेरिकेत प्राध्यापक पहिल्या तासाला जो सिलॅबस देतात तो जवळजवळ करारनामाच असतो. कुठल्या आठवड्यात काय वाचायचं, कुठल्या कामाला किती टक्के, उशीर झाला तर किती गुण कापणार, किती दांड्या चालतील, सगळं त्यात असतं. सगळ्या विषयांचे सिलॅबस हातात आले की त्याच संध्याकाळी तारखा एका वहीत उतरवा. आणि महिना अक्षरात लिहा, कारण तिकडे आधी महिना आणि मग दिवस लिहितात. माझा पहिला निबंध ९/१० ला द्यायचा होता. मी ९ ऑक्टोबर धरून निवांत होते. तो होता १० सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी वर्गात बाकीच्यांचं बोलणं कानावर पडलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

ब्रिटनमध्ये बऱ्याच विषयांत शेवटची परीक्षा आणि एक-दोन मोठे निबंध यांवरच सगळं असतं. परीक्षा जवळ आली की बघू, ही आपली सवय तिथे खपून जाते. अमेरिकेत दर आठवड्याला काहीतरी मोजलं जातं: छोटी क्विझ, गृहपाठ, मिडटर्म, वर्गात तोंड उघडलं की नाही तेसुद्धा. पावसाळ्यात आपण आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी कशी बघत असतो? ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ४५ झाल्यावर सामान माळ्यावर टाकायला धावून उपयोग नसतो. आपले गुण तसे दर रविवारी बघा. डिसेंबरमधली शेवटची परीक्षा एकटी तुम्हाला वर काढू शकत नाही.

गुणांचा हिशेबही वेगळा आहे. ब्रिटनमध्ये ७० म्हणजे फर्स्ट, आणि ६५ मिळाले तरी आपण खूश असतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ९० च्या पुढे ए आणि ६५ म्हणजे डी. तिकडचे गुण ब्रिटनमध्ये कसे बदलून धरणार, ते वर्ष पदवीत मोजणार की फक्त पास-नापास बघणार, हे निघण्याआधी आपल्या विद्यापीठाकडून लेखी घ्या. विषय बदलायला सत्राच्या सुरुवातीला थोडे दिवस मिळतात. बदललात तर तेही दोन्हीकडे कळवा. नाहीतर वर्षभर शिकलेला विषय परत आल्यावर धरलाच जात नाही.

आता ऑफिस अवर्स, म्हणजे प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठी केबिनचं दार उघडं ठेवून बसतात ती वेळ. पहिले तीन आठवडे मी गेलेच नाही. सरांचा वेळ कशाला घ्यायचा, ढ मुलंच जातात, हे सांगलीतून सोबत नेलेलं ओझं होतं. निबंधाचा घोटाळा झाल्यावर नाइलाजाने गेले. प्राध्यापकबाईंनी कापलेले गुण परत दिले नाहीत. सिलॅबसमध्ये लिहिलं होतं, ते त्यांनी पाळलं. पण पुढच्या निबंधाचा आराखडा घेऊन ये म्हणाल्या, अर्धा तास त्यावर बोलल्या, आणि तेव्हापासून वर्गात मला नावाने हाक मारू लागल्या. तुम्ही पहिल्या पंधरवड्यातच जा. काही अडलं नसलं तरी जा, एखादा प्रश्न तयार ठेवा. लीड्समध्ये प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची सवय लागली असेल, तर अमेरिकेत ते सांगेपर्यंत 'प्रोफेसर' आणि आडनाव.

खोली बहुतेक वेळा दोघांत एक असते. ब्रिटनच्या हॉस्टेलात स्वतंत्र खोलीची सवय झालेल्यांना हे जड जातं. झोपायची वेळ, दिवा, पाहुणे, हे पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. मनात ठेवलं की कुढत बसावं लागतं. माझी रूममेट शेतकऱ्याची मुलगी होती. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, तेव्हा ती मला घरी घेऊन गेली. मी सांगलीची हळद घालून बटाट्याची भाजी केली, तिच्या आजीने दोनदा मागून घेतली. बोलावलं तर नक्की जा. सुट्टीत मेस बंद असते, काही हॉस्टेलंही बंद करतात, त्यामुळे डिसेंबरची सोय ऑक्टोबरमध्येच लावा.

शाकाहारी असाल तर 'व्हेजिटेरियन' एवढं सांगून थांबू नका. भात किंवा सूप चिकनच्या पाण्यात शिजवलंय का, राजम्यात प्राण्याची चरबी आहे का, हे विचारा. नेलेला खाऊ विमानतळावर जाहीर करा, लपवू नका. तिथली वीज १२० व्होल्टची. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, इंग्लंडमधली किटली किंवा घरचा मिक्सर नाही. इमारतीत शिरल्यावर जमिनीलगतचा मजला हाच 'फर्स्ट फ्लोअर'. खोडरबराला 'इरेझर' म्हणा, 'रबर' म्हणजे तिकडे निरोध. दारूचं वय २१ आहे, १८ नाही. व्हिसावर असताना हा नियम हलक्यात घेऊ नका.

दवाखान्याचं मात्र नीट ऐका. ब्रिटनमध्ये डॉक्टरकडे जाताना पाकीट काढावं लागत नाही. अमेरिकेत पाय मुरगळला म्हणून मी थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत गेले. विमा होता, तरी पुढे तीन महिने बिलं येत राहिली. जीवावरचं नसेल तर आधी कॅम्पसचं हेल्थ सेंटर. विमा काय देतो आणि आपल्या खिशातून किती जाणार, हे पोहोचायच्या आधी वाचा. एक्स्चेंजवर जाणाऱ्यांना मिळणाऱ्या जे-१ व्हिसाला विमा सक्तीचाच आहे.

कागदांत सगळ्यात जपायचा तो डीएस-२०१९, म्हणजे जे-१ व्हिसासाठी मिळणारा पात्रतेचा फॉर्म. मध्येच देशाबाहेर गेलात तर त्यावर प्रवासाची सही हवी, ती आधी घ्या. कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी उतरता येत नाही. आपला पासपोर्ट भारतीय, त्यामुळे परत जायला ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा तोवर चालू राहणार ना, हेही विद्यापीठाला विचारून ठेवा.

आईबाबांशी दोन गोष्टी बोलून निघा. बाबांनी कॉलेजला फोन केला तरी तुमचे गुण त्यांना सांगणार नाहीत. अमेरिकेच्या १९७४ च्या कायद्याने ती माहिती तुमची असते आणि लेखी परवानगीशिवाय सहसा पालकांनाही देत नाहीत. माझ्या बाबांना हे फार लागलं होतं. म्हणून चांगले असोत की वाईट, तुम्हीच सांगा. दुसरं, फोनची वेळ. आयोवात सकाळचे आठ म्हणजे सांगलीत संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसात. तो बदल आईला मी सांगितलाच नव्हता. त्या दिवशी देवापाशी दिवा लावून ती तासभर फोनजवळ बसून होती.