एकचाकी सायकल चढावर एका बाजूला वळते? हँडल धरायचा हात बदलून बघा

लक्षण असं: सपाटीवर युनिसायकल सरळ चालायची, पण चढावर सीटच्या पुढच्या टोकाचं हँडल उजव्या हाताने ओढलं की चाक डावीकडे वळायचं आणि खांदा भरून यायचा. टायरची हवा कमी-जास्त केली, सीट चाकाच्या रेषेत आहे का ते पाहिलं, सीटचा दांडा पकडणारा क्लॅम्प आवळला. फरक शून्य. नुसता वैताग.

जमलं ते असं. आधी भिंतीला धरून बसलो, पेडल आडवी केली आणि कोणता पाय आपसूक पुढे येतो ते पाहिलं, माझा उजवा. मग सपाटीवर डाव्या हाताने हँडल नुसतं धरलं, ओढलं नाही. पकड मधोमध, बोटं खालून, कोपर किंचित वाकलेलं, उजवा हात तोलासाठी मोकळा. हे अंगवळणी पडल्यावरच सौम्य चढ घेतला आणि पेडल दाबतानाच हँडल वर ओढलं. जोरात दाबलं की अंग सीटवरून उचललं जातं. ते या ओढीने बसून राहतं. चाक सरळ राहिलं.

उजवा पाय पुढे म्हणजे डावाच हात, असा नियम मात्र नाही. एकच चढ दोन्ही हातांनी चढून बघा आणि मोकळ्या हाताची फडफड ज्यात कमी, ती पकड ठेवा. उड्या मारताना मला अजूनही उजवाच सोयीचा पडतो.