खान्देशात वनस्पतींची मत्स्यटाकी पुन्हा मांडताना: पोळ्यापासून आखाजीपर्यंत

माझी दोन फुटांची टाकी चार वर्षे माळ्यावर उपडी पडून होती. ती बंद पडली तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती, जळगावात दुपारचा पारा ४४ अंशांच्या पुढे गेला होता आणि संध्याकाळी गेलेली वीज पहाटेपर्यंत आली नाही. सकाळी सगळे मासे मरून तरंगत होते. पुढच्या आठवड्यात टाकीतल्या जावा फर्न या पाणवनस्पतीची पानेही काळी पडून गळाली. त्या वेळी मी सगळा दोष विजेला दिला. गेल्या पोळ्यानंतर टाकी नव्याने मांडायला घेतली तेव्हा कळले की, ती मांडणी मुळात आपल्या पाण्याला आणि उन्हाला धरून केलेलीच नव्हती. म्हणून टाकीकडे परत वळणाऱ्याने छायाचित्रातील टाकी मनात धरण्याआधी आपल्या नळाचे पाणी आणि वैशाखातील आपली खोली या दोन गोष्टी पाहाव्यात, आणि त्यांच्याप्रमाणे पुढची प्रत्येक पायरी ठरवावी.

सुरुवात केव्हा करावी

पोळा झाल्यावर. पावसाने हवा निवलेली असते, गच्चीवर धरलेले पावसाचे पाणी हाताशी असते आणि आखाजीपर्यंत झाडांना मुळे धरण्यासाठी सात-आठ महिने मिळतात. हौस एप्रिलमध्ये उफाळून आली, तर टाकी धुऊन, तपासून ठेवावी. झाडे मात्र आणू नयेत. नव्या झाडाला एकाच वेळी नवे पाणी आणि त्या पाण्याची ३४ अंशांची उष्णता सोसायला लावणे बरे नाही.

जुनी टाकी आणि जुने सामान

२४ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच टाकीत काठोकाठ सुमारे ७० लिटर पाणी मावते. काच आणि वाळू धरून हा भार नव्वद किलोच्या घरात जातो, त्यामुळे टेबल आधी तपासावे. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या टाकीचे काचा जोडणारे सिलिकॉन काचेपासून सुटू लागते. टाकी सपाट जागी थर्माकोलच्या पत्र्यावर ठेवावी, चारही कडांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या सरकवाव्यात आणि पाणी भरून ४८ तास थांबावे. पाण्याची पातळी किती उतरली यावरून गळतीचा निष्कर्ष काढू नये, कारण आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी नुसते वाफेनेही उतरते. कागद ओला झाला का, हीच खरी खूण. गळती असेल तर त्या बाजूचे जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून काढावे आणि बुरशीरोधक द्रव्य नसलेले सिलिकॉन भरून आठवडाभर वाळू द्यावे. जुन्यावर नवे लिंपले तर ते धरत नाही.

टाकी साबणाने धुऊ नये. काचेवरचा पांढरा क्षाराचा थर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर चिकटवून ठेवले की सहज निघतो. फिल्टरची मोटर उघडून आतील चक्री हाताने फिरते का ते पाहावे, आणि वायरचे आवरण तडकले असेल तर ती मोटर टाकून द्यावी. पाण्यात हात घालायचा असताना जुन्या वायरवर भरवसा ठेवू नये. पाणी तपासण्याची जुनी द्रावणे मुदत संपली की चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून तीही नवी घ्यावीत. फिल्टरच्या जुन्या स्पंजमध्ये पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू शिल्लक असतील, ही समजूत सोडून द्यावी. वाळलेल्या स्पंजात ते टिकत नाहीत.

तळाची वाळू

ही पायरी बहुतेक जण घाईने उरकतात, आणि पुढचे सहा महिने तिचा त्रास भोगतात. शेतातली कपाशीची काळी माती सुपीक असते म्हणून ती टाकीच्या तळाशी घालण्याचा मोह होतो. ही माती पाण्यात फुगते, जराशा धक्क्याने पाणी गढूळ करते आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. हेच खडे वाळूतही सापडतात. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते आणि आधीच जड, म्हणजे क्षारयुक्त, असलेले पाणी आणखी जड करते.

वाळूची परीक्षा घरी करता येते. पूर्ण वाळलेली मूठभर वाळू काचेच्या वाटीत घ्यावी, ती बुडेल इतके व्हिनेगर ओतावे आणि वाटी कानाजवळ धरावी. चुनखडी असेल तर आधी बारीक चुरचुर ऐकू येते, मग पांढरट कणांभोवती बुडबुड्यांच्या माळा उठताना दिसतात. मी बांधकामाच्या ढिगातून आणलेल्या पहिल्या घमेल्यातील वाळू अशी चुरचुरली; दुसऱ्या ठिकाणची जाडसर काळपट वाळू शांत राहिली, आणि तीच वापरली. वाळू चाळून दहा-बारा पाण्यांनी, वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी. समोर दोन इंच आणि मागे तीन इंच थर पुरतो. वाळूत पोषण नसते, म्हणून मुळांजवळ खताच्या गोळ्या खोचाव्यात.

पाणी

आपल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाण्यात विरघळलेले क्षार (टीडीएस) मोजणारा मीटर स्वस्त मिळतो; तो घ्यायचा नसेल तर घरचे आरओ यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्याकडे असतोच, त्याला बोअरचे, नळाचे आणि आरओचे अशी तिन्ही पाणी मोजून द्यायला सांगावे. जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी येते, आणि नळाच्या अशा पाण्यात क्लोरीन असतो. ते पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीनरोधक थेंब वापरावेत. बोअरचे पाणी फार जड असेल तर त्यात अर्धे पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळावे. निव्वळ आरओचे पाणी भरू नये, कारण झाडांना आणि माशांना थोडे क्षार लागतातच. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी टाकीत कधीही घालू नये. त्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार साठलेले असतात.

झाडांची निवड

जड पाणी आणि उष्णता दोन्ही सोसणारी झाडे आधी लावावीत. व्हॅलिसनेरियाची लांब पट्टीसारखी पाने मागच्या बाजूला शोभतात, आणि जड पाण्यात ती जोमाने फुटते. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा ही आपल्याच देशातील पाणवनस्पती असून तिच्या कापलेल्या फांद्या वाळूत खोचल्या की आठवड्यात मुळे सोडतात. हॉर्नवर्टला मुळेच नसतात. तो नुसता सोडून द्यावा. ही तिन्ही झाडे झपाट्याने वाढतात, म्हणून पाण्यातील जादा पोषण शेवाळाआधी तीच खाऊन टाकतात, आणि नव्या टाकीत याचीच गरज असते. अनुबियास आणि जावा फर्न लावायचे असतील, तर त्यांचे आडवे जाड खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. सुती दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावे. क्रिप्टोकोरिनची पाने जागा बदलल्यावर वितळल्यासारखी होऊन जातात. ते पाहून झाड उपटून फेकू नये, कारण मुळे जिवंत असतात आणि तीन-चार आठवड्यांत नवी पाने येतात.

आणलेली झाडे लावण्यापूर्वी लिटरभर पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवून त्यात दोन तास ठेवावीत आणि मग स्वच्छ धुवावीत. पानांना चिकटून आलेल्या गोगलगायी याने बहुतांशी मरतात.

प्रकाशासाठी साधा पांढरा, ६५०० केल्व्हिनचा एलईडी पुरेसा आहे. सुरुवातीचा महिनाभर तो रोज सहा तास लावावा, पुढे झाडे वाढलेली दिसल्यावर आठ तास. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वर सांगितलेल्या झाडांना लागत नाही.

थांबण्याचा काळ

झाडे लावल्यावर एक दिवसाआड चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे आणि चार ते सहा आठवडे मासे आणू नयेत. खाद्य कुजून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की टाकी तयार झाली. जड पाण्यात हे विशेष सांभाळावे लागते, कारण अशा पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) बहुधा आठच्या आसपास असतो, आणि सात पीएचच्या तुलनेत आठ पीएचला तेवढ्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. या काळात काचेवर तपकिरी थर धरतो. तो आपोआप जातो. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. काढलेले पाणी तुळशीला घालावे.

पोळ्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी झाडे लावली, तर दिवाळीच्या सुमारास मासे आणता येतात. गप्पी, मोली आणि प्लॅटी यांना जड पाणी मानवते. एकदम सगळे न आणता आधी पाच-सहा आणावेत. थंडीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा या टाकीला ५० ते ७५ वॉटचा हीटर लागतो. मासे नकोसे झाले किंवा झाडे फार वाढली, तरी त्यातले काहीही गिरणेत किंवा तापीत सोडू नये.

उन्हाळ्याची तयारी

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. रात्री झाडेही प्राणवायू वापरतात, म्हणून माशांच्या दृष्टीने पहाट ही सर्वांत अवघड वेळ असते. मार्चपासून रात्रभर एअर पंप चालू ठेवावा, खाद्य कमी करावे आणि टाकीवरची काच काढून जाळी ठेवावी. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा पंखा लावला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. आपली हवा कोरडी असल्यामुळे माठातल्या पाण्याप्रमाणे हा उपाय आपल्याकडे चांगला लागू पडतो.

मात्र पंखा लावल्यावर रोज लिटर-दीड लिटर पाणी उडते, आणि क्षार टाकीतच राहतात. रोज दीड लिटरप्रमाणे महिन्यात ४५ लिटर भर घालावी लागते. ती ८०० टीडीएसच्या, म्हणजे लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षारांच्या, बोअरच्या पाण्याने घातली, तर महिन्यात ३६ ग्रॅम, म्हणजे सुमारे सहा चमचे मिठाइतके क्षार टाकीत साठतात. म्हणून उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने घालावी. साप्ताहिक बदलासाठी नेहमीचे मिश्रण चालते.

शेवटची गोष्ट बॅटरीच्या एअर पंपाची. तो विकत घेऊन कपाटात ठेवल्याने काम भागत नाही. मार्चमध्ये एका सुटीच्या दिवशी मुख्य पंप मुद्दाम बंद करावा, बॅटरीचा पंप स्पंज फिल्टरला जोडावा आणि तो किती तास चालतो ते घड्याळ लावून मोजावे. माझा सहा तास चालला. त्या दिवशीच मी दुसरा घेतला.