योक्टो शिकताना: आपला लेयर आधी बनवा

पुण्यात एम्बेडेडच्या नोकरीला लागलो तेव्हा सी येत होती, मायक्रोकंट्रोलर येत होते. बोर्डवरचं लिनक्स म्हणजे तयार इमेज (अख्ख्या सिस्टीमची एक फाइल) एसडी कार्डावर टाकायची, एवढंच ठाऊक. पहिल्याच आठवड्यात सिनियर म्हणाला, "ही इमेज आपल्याकडेच बनते. योक्टो लाव." योक्टो म्हणजे आपल्या बोर्डसाठीचं लिनक्स सोर्सपासून बनवून देणारी साधनं. लावलं. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप तव्यासारखा तापला आणि जीसीसी कंपायलर बनत असतानाच मेमरी संपून बिल्ड फेल झाला.

तेव्हा कळलं की योक्टो बोर्डसाठीचा क्रॉस-कंपायलरसुद्धा (लॅपटॉपवर चालून बोर्डच्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) सोर्सपासून स्वतःच बनवतो. म्हणून पहिल्या बिल्डला तास न् तास लागतात. पुढच्या वेळी आधीच बनलेले भाग एस-स्टेट कॅशमधून उचलल्यामुळे तेच काम मिनिटांवर येतं. कॅश आणि डाउनलोडचे फोल्डर बिल्ड फोल्डरच्या बाहेर ठेवा, म्हणजे वैतागून सगळं उडवलंत तरी ते वाचतात. डिस्कवर शंभर-दीडशे जीबी मोकळी हवी. रॅम कमी असेल तर 'लोकल डॉट कॉन्फ' या सेटिंगच्या फाइलमध्ये एकावेळी चालणाऱ्या कामांची संख्या उतरवा, नाहीतर बिटबेक (योक्टोचा बिल्ड चालवणारं साधन) जितके कोअर तितकी कामं काढतो.

आता लेयर, म्हणजे रेसिपी आणि सेटिंग ठेवायचा फोल्डर. रेसिपी म्हणजे एखादं पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल. ओपन-एम्बेडेडचा (योक्टो ज्यावर उभा आहे तो प्रकल्प) गाभा एका लेयरमध्ये, बोर्डचा बीएसपी (त्या बोर्डसाठीचा कर्नल, ड्रायव्हर वगैरे) दुसऱ्यात, जास्तीची पॅकेजेस तिसऱ्यात. माझी मोठी चूक इथेच झाली. बोर्ड विकणाऱ्या कंपनीच्या लेयरमधली कर्नलची रेसिपी उघडली आणि आपला पॅच (कोडमधल्या बदलाची फाइल) सरळ तिथेच घुसवला. चाललं की! तीन महिन्यांनी त्यांच्या बीएसपीची नवी आवृत्ती आली, मी जुनं फोल्डर काढून नवं ठेवलं आणि पॅच गेला. डिस्प्ले काळा. काय बदललं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, दोन दिवस शोधण्यात गेले.

आजीच्या वहीतल्या पाककृतीत आपण खाडाखोड करतो का? शेजारी आपली चिठ्ठी टाचतो. ती चिठ्ठी म्हणजे बीबी-अपेंड फाइल. 'बिटबेक-लेयर्स क्रिएट-लेयर'ने आपला लेयर बनवायचा, 'अॅड-लेयर'ने जोडायचा आणि मूळ रेसिपीच्याच नावाची बीबी-अपेंड त्यात ठेवायची. पॅचचा फोल्डर कुठे आहे हे त्यात सांगताना नुसतं बरोबरचं चिन्ह चालत नाही, कोलन-बरोबर लागतं. नुसत्या बरोबरमध्ये पाथ उशिरा सोडवला जातो, तोवर 'हा फोल्डर'चा अर्थ मूळ रेसिपीचा फोल्डर झालेला असतो. पॅच सापडत नाही म्हणून तुम्ही फाइलचं स्पेलिंग तपासत बसता.

स्पेसची गंमत याहून वाईट. मी 'कोअर-इमेज-मिनिमल' या छोट्या इमेजच्या पॅकेजांच्या यादीला अपेंडने, म्हणजे शेवटी चिकटवायच्या सोयीने, एथटूल हे पॅकेज जोडलं. अवतरणचिन्हानंतर स्पेस द्यायची राहिली, तरी चाललं. आठवड्याने आयटूसी-टूल्स तसंच जोडलं, आणि बिटबेक ओरडला: 'एथटूलआयटूसी-टूल्स' कोणीच पुरवत नाही! अपेंड स्वतःहून स्पेस घालत नाही. पहिल्या वेळी मूळ यादीच्या शेवटी योगायोगाने स्पेस होती, म्हणून मी वाचलो होतो.

नेटवर जुनी उत्तरं चिकटवतानाही सांभाळा. २०२१च्या हॉनिस्टर या योक्टो आवृत्तीपासून अपेंडच्या आधी अंडरस्कोअरऐवजी कोलन आला. त्याआधीचा कोड नव्या आवृत्तीत टाकला तर अडखळणारच. नवीन शिकणाऱ्याने २०२४ची स्कार्थगॅप घ्यावी, ती एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आहे. आणि बोर्ड हातात नसला तरी अडत नाही, 'रन-क्यूईएमयू'ने लॅपटॉपवरच्याच नकली बोर्डवर इमेज बूट होते.

व्हेरिएबलची किंमत कुठून आली हा प्रश्न रोज पडतो. मी महिनोन्महिने ग्रेपने फाइली धुंडाळत बसायचो. 'बिटबेक-गेटव्हार' कमांडला रेसिपीचं आणि व्हेरिएबलचं नाव दिलं की कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत काय जोडलं गेलं, सगळा इतिहास समोर येतो. कंपाइल फेल झालं तर टर्मिनलवरच्या लाल ओळींत लॉग फाइलचा पूर्ण पाथ असतो, तो उघडा. आणि कर्नलमध्ये प्रयोग करायचे असतील तर 'डेव्हटूल मॉडिफाय'. सोर्स वेगळ्या फोल्डरमध्ये येतो, तिथे हवं ते बदलून कमिट करायचं, आणि 'डेव्हटूल फिनिश' म्हटलं की पॅच आणि बीबी-अपेंड तुमच्या लेयरमध्ये आपोआप बसतात. काळ्या डिस्प्लेचा तो पॅच शेवटी मी असाच परत बसवला, वीस मिनिटांत.